वगळी पुस्तके

साल एकोणीसशे ब्याऐंशी. मला ते पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी सासूबाईंनी कवळी बसवून घेतली आणि त्याच वर्षी माझी धाकटी नणंद नवऱ्याला रीतसर सोडून, कोर्टाचा कागद आणि एक ट्रंक घेऊन आमच्याकडे परत आली. घराला कवळीचा त्रास जास्त झाला. नणंद दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या वाचनालयात मला काही काम मिळेल का?"

तिला आम्ही बेबी म्हणायचो. मुलं बेबीताई म्हणायची.

आमचं वाचनालय सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होतं. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या खोलीत मी. माझं काम बांधणीचं. सुटलेली पानं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, खळ शिजवायची. खालून रबराचा वास, वर खळीचा. अजून कुठे पंक्चरचं दुकान लागलं की मला पुस्तकांची आठवण येते; लोकांना तसं कसं होत नाही, याचं नवल वाटतं.

वाचनालयाचे अध्यक्ष वजन-मापं खात्यातून निवृत्त झालेले. सबंध आयुष्य दुकानदारांची वजनं तपासण्यात गेलेलं. मागून सगळे त्यांना तराजूकाका म्हणत. पुढून म्हटलं असतं तरी चाललं असतं, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. ते त्यांना मान्य नव्हतं. हल्ली लोक पुटपुटतात, असं त्यांचं मत.

बेबीला त्यांनी तात्पुरती ठेवून घेतली, मुलांचा विभाग बघायला. विभाग म्हणजे एक सतरंजी आणि राजे-वाघांच्या गोष्टींचा गठ्ठा. बेबीनं तो आठवड्याभरात वाचून संपवला आणि थेट अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली. मी दारातच होते.

"काका, मला मुलांसाठी वेगळी पुस्तकं आणायची आहेत."

"सगळी? सगळी कशाला? एक कपाट देतो."

"वेगळी, काका. वे-ग-ळी. आपल्या गल्लीतल्या मुलांसारखी मुलं असलेली. कोणाला चालता येत नाही, कोणाची आई ट्रक चालवते, कोणी दुसऱ्या देशातून आलंय, कोणाचे आईबाप वेगवेगळे राहतात."

"त्यात राजा कोण?"

"राजा नाही."

"मग तात्पर्य कोण सांगणार?"

"तात्पर्य पण नाही, काका. मुलं आपापलं काढतील."

अध्यक्षांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं खोट्या मापाच्या दुकानदाराकडे बघत असतील. पण माणूस न्यायी. म्हणाले, "मोठ्या सुट्टीपुरतं कपाट तुझं. सुट्टी संपताना मी स्वतः येऊन बघणार. कपाट रिकामं दिसलं, म्हणजे पुस्तकं लोकांच्या घरी असली, तर तुझी नोकरी पक्की. भरलेलं दिसलं, तर त्यात माझ्या खात्याची जुनी मासिकं लागतील आणि तू मोकळी."

आणखी एक अट त्यांनी घातली. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, आणि एक लाखेनं मोहोर करून त्यांच्याकडे ठेवायची, नमुना म्हणून. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण नमुना ठेवल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

घरी सासूबाईंनी ही बातमी ऐकली आणि त्यांनीही अट घातली. त्यांच्या पाहण्यात एक स्थळ होतं. घड्याळांचं दुकान असलेला एक विधुर. तो एकदा चहाला येऊन गेला होता आणि तासभर फक्त किल्लीच्या घड्याळांबद्दल बोलला होता.

"नोकरी पक्की झाली तर तुझं तू बघ," सासूबाई म्हणाल्या. नव्या कवळीतून प्रत्येक 'स' शिट्टी वाजवत निघायचा. "नाही झाली, तर घड्याळवाल्याला होकार. माणूस सज्जन आहे, संथ आहे, सुस्थितीत आहे."

पाच शिट्ट्या झाल्या. बेबीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिनं अट कबूल करून टाकली. मग मात्र रात्री ती अर्ध्या जेवणावरून उठली.

पुस्तकं आली. कुठून कुठून मागवली होती तिनं. 'आईचा ट्रक', 'दोन घरांची मुलगी', 'चाकाच्या खुर्चीतला गोलकीपर', 'यंत्राच्या कानाची मुलगी', 'बाबा भांडी घासतात'. चित्रं अशी की मी बांधणी सोडून बघत बसले. शेवटचं पुस्तक ह्यांनी घरी दोनदा वाचलं, फार छान आहे म्हणाले आणि ताट तिथेच ठेवून उठले.

कपाट मात्र हलेना. मुलं सतरंजीवर यायची, बेबी सांगायची, "ही चांगली पुस्तकं आहेत, वाचून बघा," आणि मुलं अशी पांगायची, जसं तिनं चमच्यात औषध ओतलंय. आया यायच्या, पुस्तक उघडायच्या, मिटायच्या.

"हे नको गं बेबीताई. बाबा भांडी घासतो म्हणे. आमच्याकडे नेलं तर वाटेल मीच लिहून घेतलंय."

"आणि हे दोन घरांचं? आमचं तर एकच घर आहे, त्यात असले विचार कशाला?"

बेबी हरणारी नव्हती. पिशवीत पुस्तकं घालून ती गल्लीभर फिरू लागली. लाँड्रीत ठेवली, दवाखान्याच्या बाकावर ठेवली, समोरच्या सलूनमध्ये ठेवली. लाँड्रीवाल्यानं एक पुस्तक इस्त्री करून परत दिलं. सलूनवाल्यानं मात्र गोलकीपरचं पुस्तक उघडलं आणि वाचतच राहिला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण लागलेला, दुसरा गाल झालेला.

"अहो, माझी दाढी!"

"थांबा हो, पेनल्टी आहे."

गिऱ्हाईक फेस सुकलेल्या गालानं निघून गेलं. सलूनवाल्यानं बेबीला पुस्तकं न्यायला सांगितली. "वाईट आहेत असं नाही बेबीताई, पण धंदा बसेल."

सुट्टी अर्धी सरली. कपाटाला एक खाच पडली नव्हती. सासूबाईंनी घड्याळवाल्याला पुन्हा एकदा चहाचं बोलावणं पाठवलं. तो भिंतीवरचं आमचं पुढे धावणारं घड्याळ दुरुस्त करून गेला, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना उशीर होऊ लागला.

तेव्हा बेबी म्हणाली, "वहिनी, लोकांना कळतच नाही इथे काय आहे. रस्त्यावरून दिसेल अशी पाटी पाहिजे."

आमच्या भागात पाट्या रंगवणारा एकच, पेंटर. हात सुरेख, पण डावखुरा. डाव्या हातानं डावीकडून लिहीत गेलं की ओल्या रंगावरून बाही फिरते. म्हणून त्यानं स्वतःची पद्धत काढली होती. आधी जाड ब्रशनं नुसती अक्षरं लिहायची. ती वाळली की बारीक ब्रश घेऊन उजवीकडून सुरुवात करायची आणि मात्रा, उकार, वेलांट्या देत डावीकडे यायचं. "आधी अंग, मग दागिने," असं तो म्हणायचा.

दारावर त्यानं हातभर उंचीची अक्षरं काढली. 'वेगळी पुस्तके'. शिडी खालच्या सायकलवाल्याची होती. पेंटरनं 'के'ची मात्रा दिली, 'पु'चा उकार दिला, 'ळी'ची वेलांटी दिली, आणि तेवढ्यात सायकलवाला खालून ओरडला.

"पेंटर, शिडी दे! माझं गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"एकच मात्रा राहिलीय!"

"मात्रा उद्या दे, टायर वर टांगलेत माझे!"

आणि त्यानं शिडी हलवायला सुरुवात केली. पेंटर जीव मुठीत धरून उतरला, उद्या येतो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी एका सर्कशीचा तंबू रंगवायला दुसऱ्या गावाला निघून गेला.

दारावर राहिलं, 'वगळी पुस्तके'.

बेबीनं डोक्याला हात लावला. मी म्हटलं, जाऊ दे, कोण वाचतंय. पण सलूनवाल्याच्या खुर्चीतून पाटी समोर दिसायची, आणि दाढीला बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं.

"वगळी म्हणजे काय हो?"

"वगळी म्हणजे वगळलेली," सलूनवाला वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. "कमिटीनं काढून टाकली असतील."

"का?"

"आता ते मी कसं सांगू? मी एक वाचलंय." आणि त्यानं असा चेहरा केला की गिऱ्हाइकाला दाढी संपेपर्यंत धीर निघेना.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी जिन्यावर बायका उभ्या. सगळ्यांत पुढे ती, जिनं भांड्यांचं पुस्तक परत ठेवलं होतं.

"बेबीताई, ती वगळलेली कुठली?"

"वगळलेली नाहीत हो, पाटीवर मात्रा राहिलीय."

"असू दे, असू दे," ती डोळे मिचकावत म्हणाली, "तुला बोलता येत नसेल. दे एक. मुलांना नाही देणार. आधी मी वाचते, मग काय वाईट आहे ते सांगते."

बेबी ज्याला त्याला सांगत सुटली की मात्रा राहिलीय. जितकं सांगावं तितका लोकांचा संशय पक्का. संध्याकाळी मुलं आली, ती पळतच. आईनं उशीखाली काय लपवलंय, ते त्यांना बघायचं होतं. आठवडा सरायच्या आत कपाटात लाकूड दिसू लागलं. मग पुस्तकांसाठी पाळ्या लागल्या. मागच्या खोलीत माझी खळ पुरेना, कारण एकेक पुस्तक दहा हातांतून फिरून फाटून यायचं आणि शिवून लगेच परत जायचं.

अध्यक्षांच्या कानावर गोष्ट जरा उशिरा गेली, कारण त्यांच्या कानावर सगळंच उशिरा जायचं. ते तरातरा जिना चढून आले.

"कोणी वगळली? मला न विचारता वगळली? वगळायची असतील तर अध्यक्ष वगळेल!"

"काका, कोणीच नाही वगळली. पेंटरची मात्रा राहिली."

"यात्रा? पेंटर यात्रेला गेला, त्याचा इथे काय संबंध?"

ते तणतणत परत गेले. आपल्याला न विचारता काय वगळलं गेलं, हे त्यांना आता समजून घेणं भाग होतं.

सुट्टी संपायला थोडेच दिवस असताना पेंटर सर्कशीहून परत आला. बेबीनं त्याला रस्त्यातच गाठलं. घरी हे कळलं तेव्हा सासूबाईंनी हातातलं वाटण ठेवून दिलं.

"अगं सोन्यासारखी चुकलेली पाटी! असू दे की सुट्टी संपेपर्यंत. ती मात्रा पडली की लोक फिरकणार नाहीत, आणि मग मला बोल लावू नकोस. घड्याळवाला परवा विचारत होता."

मीही म्हटलं, "बेबी, चार दिवसांचा प्रश्न आहे."

ती ट्रंकेवर बसली होती. "वहिनी, 'दोन घरांची मुलगी' एक मुलगी चोरून वाचत होती. मला म्हणाली, ताई, आमच्यासारखं असणं वगळतात का हो? मी तिला काय सांगू? नोकरीसाठी राहू दे म्हणून सांगू?"

सासूबाईंनी ठेवलेलं वाटण पुन्हा हातात घेतलं.

मात्रा पडली. सगळी गल्ली खाली उभी राहून बघत होती. पेंटरनं ब्रश उचलला, एक तिरकी रेघ ओढली आणि 'वगळी'ची 'वेगळी' झाली. खाली कोणीतरी "हात्तिच्या!" म्हणालं. त्या संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं नाही. बेबी रिकाम्या सतरंजीशेजारी बसून राहिली, आणि मी उगीचच शिवलेलं पुस्तक पुन्हा शिवत राहिले.

दुसऱ्या दिवशी भांड्यांवाली बाई वर आली. जरा रागातच होती.

"हे बघ बेबीताई, वगळलेली नाहीत हे कळलं आम्हाला. पण म्हणून काय पाळी रद्द? ट्रकच्या पुस्तकाला माझा नंबर होता!"

तिच्या मागे जिनाभर नंबर होते. बेबी तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधू लागली. कपाटात काहीच नव्हतं.

सगळं जमलं असतं. पण आमच्याच वाचनालयाचा एक नियम आम्ही मोठी माणसं साफ विसरलो होतो. तो अध्यक्षांनीच कधीतरी केला होता आणि मुलांच्या कार्डांच्या मागे बारीक अक्षरात छापला होता. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मुलांनी सगळी पुस्तकं परत करायची. कार्डाची मागची बाजू फक्त मुलं वाचतात. पाळी जाऊ नये म्हणून त्या दिवशी सकाळीच रांग लावून त्यांनी एकूण एक पुस्तक परत आणून दिलं आणि स्वतःच्या हातांनी कपाटात नीट लावलं.

अध्यक्ष आले तेव्हा कपाट काठोकाठ भरलेलं होतं.

"भरलंय," ते म्हणाले.

"काका, आज परत आलीत. तुमच्याच नियमानं! नोंदी बघा."

ती ओरडूनच बोलली होती, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं. "नोंदी दाखवू नकोस. सबंध नोकरीत बघितलंय, खोट्या वजनांच्या नोंदी सगळ्यांत सुबक असतात. कपाट रिकामं दिसलं तर, असं ठरलं होतं. दिसत नाही."

बेबीचा चेहरा उतरला. तिनं कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. पण अध्यक्ष निघाले नाहीत. कपाटापुढे उभे राहून पुस्तकांच्या कडांवरून बोट फिरवत होते.

"वापरलेलं वजन झिजतं," ते स्वतःशीच म्हणाले. "दुकानदार काहीही सांगो, माप सांगतं." आणि त्यांनी खालच्या सायकलवाल्याला हाक मारून घरून त्यांचा पितळी तराजू आणि नमुन्यांची पेटी आणायला पाठवलं.

तराजू टेबलावर लागला. सलूनवाला फणी कानाला खोचून वर आला होता, जिन्यात बायका. अध्यक्षांनी पेटीतून पहिला नमुना काढला. 'यंत्राच्या कानाची मुलगी'. त्याची लाख फुटलेली होती. अध्यक्षांनी ते चटकन खाली ठेवलं.

"हा नमुना बाद," ते म्हणाले आणि कोणाकडे बघितलं नाही.

मग 'आईचा ट्रक'. एका पारड्यात मोहोरबंद प्रत, दुसऱ्यात कपाटातली. सगळे वाकून बघू लागले. कपाटातल्या प्रतीचं पारडं सावकाश खाली गेलं.

अध्यक्षांनी लाख फोडून काढली, दोरा काढला, पुन्हा वजन केलं. पारडं आणखीच खाली. गोलकीपर, तेच. दोन घरांची मुलगी, तेच. भांड्यांचं पुस्तक तर धाडकन टेकलं.

"पस्तीस वर्षांत," अध्यक्ष खुर्चीत बसत म्हणाले, "वापरानं वजन वाढलेली वस्तू मी पाहिली नाही. यात काहीतरी लबाडी आहे."

मी मागच्या खोलीच्या दारातून म्हटलं, "लबाडी नाही अध्यक्षसाहेब, ते वजन माझ्या खळीचं आहे."

"खळ कशाला लागली?"

"फाटली म्हणून."

"फाटली कशानं?"

"वाचली म्हणून."

"काय?"

"वाचली म्हणून!" जिना, सलूनवाला, बायका, सगळे एकदम ओरडले.

"ओरडता कशाला? ऐकू येतं मला," अध्यक्ष म्हणाले. मग बेबीनं ठेवलेली किल्ली त्यांनी उचलली आणि तिच्यासमोर धरली.

"पक्की. पण पुढच्या खेपेला खळ पातळ लावा. मापात घोळ होतो."

अध्यक्षांनी महिन्याभरात कानाचं यंत्र बसवून घेतलं. पुढच्या सभेत, मागच्या बाकावरचे दोन सभासद त्यांच्याबद्दल काय बोलतात ते त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं, आणि दोघांना समितीतून जावं लागलं. अध्यक्ष वारले तेव्हा त्यांची मुलं तराजू वाचनालयाला देऊन गेली. पेंटर पुढे कॉम्प्युटरवर पाट्या करू लागला. त्यात सगळ्या मात्रा बरोबर असतात आणि त्याला त्या बिलकूल आवडत नाहीत. सायकलवाल्याचा मुलगा मोटारी दुरुस्त करतो. घड्याळवाल्यानं दुसरीकडे लग्न केलं आणि वाचनालयाचा सभासद झाला. एकही पुस्तक त्यानं कधी वेळेवर परत केलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की ती मात्रा द्यायचा सल्ला त्यांचाच. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझी बोटं आता सुई धरत नाहीत.

बेबीनं वर्षभरात गल्लीच्या टोकाला स्वतःची खोली घेतली आणि निवृत्त होईपर्यंत मुलांचा विभाग सांभाळला. अजून त्याच खोलीत राहते. मी अधूनमधून जाते. तिच्याकडे मुलांचं एकही पुस्तक नाही. भिंतभर जाडजूड खुनाच्या कादंबऱ्या आहेत, आणि ती शेवटचं पान आधी वाचते.